बासमती नसलेला तांदूळ

पुण्याच्या पूर्वेला ज्वारी-बाजरीचा मुलूख. पण कात्रजचा घाट ओलांडून भोरकडे वळले, की भाताची खाचरे सुरू होतात. भोर, मुळशी, मावळ हा भाग आंबेमोहराचा. हा तांदूळ शिजताना मोहराचा वास सुटतो. त्यात ज्या रेणूचा मोठा वाटा आहे, तो २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन बासमतीतही असतो. सरकारी कागदावर मात्र आंबेमोहर हा 'बिगर-बासमती'.

ही विभागणी समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. तेव्हापासून तांदूळ म्हटले, की सरकारला आधी पोती दिसतात, वाण नंतर. त्यात चूक काही नव्हते. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी फिलिपाइन्सच्या संशोधन संस्थेतून बुटका, भरघोस 'आयआर-८' आला. उंच वाढून आडवा पडणारा, कमी उताऱ्याचा आंबेमोहर त्यापुढे कसा टिकणार? वडगाव मावळच्या केंद्राने या दोघांचाच संकर केला आणि १९८७ मध्ये 'इंद्रायणी' दिला. मावळात आज तोच जास्त दिसतो.

आता व्यापार. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो. त्यामुळे एका मोठ्या देशाने दार लावले, की बाजार पेटतो. २००८ मध्ये भारत आणि व्हिएतनामने निर्यात रोखल्यावर भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. भारताची ती बंदी २०११ पर्यंत टिकली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर पुन्हा बंदी आली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

दोन्ही वेळा बासमतीला किमान दराची अट घालून वाट मोकळी ठेवली होती, कारण तो रेशनवर जात नाही. पण आंबेमोहर तरी कुठे जातो? चाळणी नावाची होती, वापराची नव्हे. बंदरावरच्या अधिकाऱ्याला आखूड दाण्याचा आंबेमोहर आणि साधा तांदूळ यांत फरक करायला यादीत वेगळी नोंदच नव्हती. मुळशी आंबेमोहराला भौगोलिक मानांकन २०१६ मध्येच मिळाले होते, तरीही.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या काळानमक तांदळाला १००० टनांपुरती सूट मिळाली. मानांकन असलेल्या तांदळासाठी जकातीच्या यादीत स्वतंत्र नोंदी झाल्या त्या २०२५ च्या अर्थसंकल्पातून.