रिपॅकचा उतार आणि ताठ चिमट्याची सायकल

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाच्या वरच्या डोंगरातून एक कच्चा रस्ता खाली येतो. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, आणि तेवढ्यात उंची घटते सुमारे १,३०० फूट, म्हणजे चारशे मीटर. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी या उतारावर घड्याळ लावून एकामागून एक सायकली सोडल्या. वेळ टिपण्याचे आणि निकाल नोंदवण्याचे काम चार्ली केली याने अंगावर घेतले होते. त्या सायकलींना ब्रेक एकच असे, मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला. पायडल उलटे दाबले की तो लागे. पायथा येईपर्यंत हब इतका तापत असे की आतले ग्रीस जळून धुराच्या रूपाने बाहेर पडे. पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून, छर्रे पुसून, नवे ग्रीस भरणे भाग असे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या रस्त्यालाच चिकटला: रिपॅक.

हा धूर अतिशयोक्तीचा भाग नव्हता. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो वजन धरले, तर चारशे मीटर खाली येताना सुमारे ३,७०,००० ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एक लिटर थंड पाण्याला उकळी आणायला याहून थोडी कमीच ऊर्जा पुरते. काही वाटा हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण उचलतात हे खरे, पण उरलेला सगळा भार मुठीत मावेल एवढ्या पोलादी नळकांड्याने पाच मिनिटांच्या आत सोसायचा होता. गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केल्याची नोंद आहे. त्याच्यामागे दोन सेकंदांवर जो ब्रीझ. सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, रस्ता खड्ड्यांचा, वळणे आंधळी, आणि सायकलीत धक्का शोषणारे म्हणावे असे टायरमधल्या हवेखेरीज काहीही नाही.

सायकली होत्या तरी कोणत्या? बहुतेक श्विन कंपनीच्या, १९३० ते १९४०च्या दशकांतल्या, भंगारातून किंवा अडगळीतून मिळवलेल्या. श्विनने १९३३ साली अमेरिकी मुलांसाठी दोन इंचांहून रुंद, फुगीर टायरची सायकल बाजारात आणली होती. पेपर टाकणाऱ्या पोरांनी फुटपाथाच्या कडेवर आपटली तरी टिकावी, एवढाच तिचा मजबूतपणा. पुढचा चिमटा मागे कललेला, चाकांमधले अंतर मोठे, बांधा जड. नेमके हेच दोष उतारावर गुण ठरले. सपाट रस्त्यासाठी बनवलेली हलकी रेसिंग सायकल त्या दगडमातीत क्षणभर टिकली नसती.

पहिले कोण, हा वाद या इतिहासात कायमच आहे आणि तो सुटण्यासारखा नाही. १८९७ साली अमेरिकी सैन्याच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या नेतृत्वाखाली मोंटानातील मिझूलापासून सेंट लुईसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलवर गेले. पायवाटा, चिखल, रेल्वेचे स्लीपर, सारे तुडवत ४१ दिवसांत. त्यांना डोंगरी सायकलीचे जनक कोणी म्हणत नाही, कारण त्यांच्या प्रवासातून कारखाना उभा राहिला नाही. मरीनच्या पोरांच्याही आधी, डिसेंबर १९७४ मध्ये, क्युपर्टिनोहून आलेल्या एका टोळीने मिल व्हॅलीच्या शर्यतीत अशाच जुन्या सायकली आणल्या होत्या, आणि त्यांना अनेक गिअर, अंगठ्याने फिरवायचे शिफ्टर आणि मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर होते. ती टोळी पुढे विरून गेली. तिची कल्पना मात्र बघणाऱ्यांच्या डोक्यात राहिली. शोधाचे श्रेय बहुधा नोंदी ठेवणाऱ्याकडे जाते, आणि मरीनकडे चार्ली केलीची वही होती.

जुने सांगाडे मोडू लागले तेव्हा जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनममिश्रित पोलादाच्या, नळ्यांपासून नवा सांगाडा घडवला. उतारावरच्या मळकट खेळासाठी मुद्दाम बनवलेली ही पहिली सायकल मानली जाते. ‘ब्रीझर क्रमांक १’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. भूमिती जुन्या श्विनवर बेतलेली; सुटे भाग मात्र ठिकठिकाणच्या नव्या मालातून निवडून जुळवलेले. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने घडवलेले सांगाडे घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. तयार सायकलीची किंमत १,३०० डॉलरच्या घरात होती. नाव मात्र त्यांना स्वतःपुरते राखता आले नाही. ते सामान्यनाम होऊन बसले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने जपानमध्ये बनवलेली ‘स्टम्पजम्पर’ ७५० डॉलरला विकायला काढली, आणि छंदाचा धंदा झाला.

खरी क्रांती मात्र सांगाड्यापेक्षा सुट्या भागांत झाली, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. पोलादी रिम ओली झाली की रबराचे ब्रेक-पॅड तिच्यावर नुसते घसरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद रिमा आल्या तेव्हा पावसातही सायकल थांबू लागली, शिवाय चाकाचे वजन घटले. चाकाच्या परिघावरचे वजन कमी होणे दुहेरी लाभाचे असते, कारण ते वजन पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. १९८२ मध्ये शिमानोने ‘डिओर एक्सटी’ हा डोंगरी सायकलींसाठीचा संच आणला. त्याआधी दौऱ्याच्या सायकलीचा डिरेलर, मोटारसायकलचा लिव्हर आणि कुठल्या तरी तिसऱ्याच यंत्राची केबल असा संसार जुळवावा लागे.

या सगळ्या काळात सायकल दोन्ही टोकांना ताठच होती. १९९० मध्ये कोलोराडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड पॉल टर्नरच्या ‘रॉकशॉक्स’ चिमट्यावर जिंकला. त्या चिमट्याची हालचाल पाच सेंटिमीटरांच्या आसपास, पण त्यात हवेची स्प्रिंग आणि तेलाचा अवरोध दोन्ही होते. मुद्दा तेलाचा आहे. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा फक्त साठवते आणि लगेच परत करते; ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करण्याचे काम बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल करते. भारतातील दुकानांत स्वस्त सायकलींवर दिसणाऱ्या कित्येक ‘शॉकअप’मध्ये जाड स्प्रिंग असते आणि अवरोध जवळपास नसतोच. असा चिमटा खड्ड्यानंतर सायकलीला उसळवतो, चढावर पायांची ताकद खातो आणि वजन वाढवतो ते निराळेच. त्यापेक्षा साधा ताठ चिमटा केव्हाही प्रामाणिक.

पुढचा चिमटा लवचीक आणि मागचा त्रिकोण ताठ, अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. चढावर पायडलचा जोर सांध्यांत न मुरता थेट चाकाला मिळतो, म्हणून शर्यतींत ती दीर्घकाळ टिकली. अटलांटा येथे १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा बार्ट ब्रेंटयेन्स हार्डटेलवर जिंकला, २००८ मध्ये ज्युलियन अब्सालोनही. २०१२ मध्ये लंडनला यारोस्लाव्ह कुलहावी दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर पहिला आला आणि त्यानंतर पारडे झुकत गेले.

तरीही ताठ सायकलीचे चाहते संपले नाहीत. त्यांच्यातला एक लाडका समज असा की पोलादी सांगाडा ‘मऊ चालतो’. हा समज थोडा तपासून घ्यावा लागतो. त्रिकोणांनी बांधलेला सांगाडा उभ्या दिशेने फारच कमी लवतो. त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. मऊपणाचे बहुतांश श्रेय हवेचे आहे. ट्यूबविरहित रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि ताठ सायकलीच्या अलीकडच्या पुनरागमनाचे मोठे कारण हेच.

दुसरे कारण चाकाच्या आकाराचे. जुन्या २६ इंची चाकाच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर, नव्या ‘ट्वेंटी-नायनर’चा ६२२. दहा सेंटिमीटर उंच दगडाला भिडताना लहान चाकाचा कोन सुमारे ४५ अंश येतो, मोठ्याचा ४३. जाहिरातींत याचा जेवढा गाजावाजा होतो त्या मानाने हा फरक थोडाच, पण दिवसभरात हजारो दगड लागतात. गंमत अशी की भारतातील दूधवाल्यांची आणि पोस्टमनांची काळी २८ इंची सायकल ६३५ मिलिमीटरच्या रिमवर चालते; टायर अरुंद असल्याने तिचे एकूण चाक किंचित लहान भरते, एवढेच. तिचाही चिमटा मागे कललेला आणि चाकांतले अंतर मोठे, तेही खराब रस्त्यांसाठीच. श्विनच्या अडगळीतून मरीनच्या पोरांनी जे उचलले, ते इथे कधी अडगळीत गेलेच नव्हते.

भूमितीचाही फेरा पूर्ण झाला आहे. ब्रीझच्या सायकलीचा चिमटा जमिनीशी ७० अंशांहून कमी कोन करीत असे. शर्यतींच्या जमान्यात वळणांच्या चपळाईसाठी तो ७१ अंशांपर्यंत उभा झाला. आता उतारावरच्या हार्डटेलमध्ये तो ६५ अंशांपर्यंत पुन्हा कलला आहे. कललेला चिमटा पुढचे चाक स्वारापासून दूर ठेवतो, त्यामुळे तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाण्याचा धोका घटतो. रिपॅकवर पहिल्या दिवशी अनेकांनी अंग सोलून घेतले ते पाहता हा हिशेब तेव्हाच कळायला हवा होता.

या खेळाची किंमत इतरांनीही मोजली. पायी फिरणारे आणि घोडेस्वार बिचकले, मातीची झीज झाली, भांडणे कचेरीपर्यंत गेली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने आरक्षित रानांत सायकलींना बंदी केली, आणि वाटांचा हक्क राखण्यासाठी १९८८ मध्ये स्वारांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. रिपॅकच्या नियमित शर्यती १९७९ मध्येच थांबल्या होत्या. १९८३ आणि १९८४ मध्ये एकेकदा त्या पुन्हा झाल्या. रस्ता आजही खुला आहे. सायकलींना तिथे ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, फिशरच्या सरासरीहून बरीच कमी.