बंद झडपेतून निसटलेला प्रवाह

अवजड यंत्रातील द्रवदाबाचा बिघाड शोधताना दोन गोष्टी प्रथम पाहिल्या जातात: दाब आणि प्रवाह. २००६ साली भारताच्या अग्निबाणाचा दोषही याच वाटेने सापडला.

१० जुलै रोजी इन्सॅट-४सी उपग्रह घेऊन श्रीहरिकोट्याहून निघालेले जीएसएलव्ही-एफ०२ आकाशातच भंगले. नोंदी सांगत होत्या की, चार द्रवइंधन बूस्टरांपैकी एक उड्डाणानंतर ०.२ सेकंदातच निकामी झाला होता. त्याच्या ज्वलनकक्षातील दाब ५.८५ मेगापास्कलवर स्थिरावण्याऐवजी उड्डाणापूर्वीच ७.११ वर गेला होता. उरलेल्या तिघांच्या बळावर यान सुमारे ५० सेकंद सावरले. पुढे कल वाढत जाऊन ते हवेच्या भाराने तुटले.

हा दाब वाढला कशाने? संगणकीय प्रतिरूपांनुसार, इंधनाचा प्रवाह आवरणारा नियामक बंद स्थितीतही कितीतरी अधिक प्रवाह सोडत असेल, तरच हे शक्य होते. चौकशी समितीच्या मते निर्मितीतील अनवधानाची चूक हे त्यामागचे संभाव्य कारण होते. तपासणीतही ती निसटली होती. मूळ रचना मात्र भक्कम ठरली. म्हणून भर पडला तो निर्मिती आणि तपासणीच्या काटेकोरपणावर.

२ सप्टेंबर २००७ रोजी जीएसएलव्ही-एफ०४ ने इन्सॅट-४सीआर कक्षेत पोहोचवला.