गोल कितव्या मिनिटाला झाला? पेन्सिलवाल्या रीपची गोष्ट

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. कुठली गोष्ट कधी घडली आणि तिच्या आधी काय झालं, हे शोधायचं, एवढंच काम. आजची गोष्टही एका लॉगचीच आहे, फक्त तो पेन्सिलने लिहिलेला होता.

तारीख १८ मार्च १९५०. इंग्लंडमध्ये स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स. प्रेक्षकांत चार्ल्स रीप बसलेत, रॉयल एअर फोर्समधले हिशेबनीस अधिकारी. पहिल्या हाफमध्ये स्विंडनचे हल्ले एकामागून एक वाया गेले आणि रीप वैतागले. दुसऱ्या हाफला त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक हल्ला खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं हेच. ना व्हिडिओ, ना पॉज बटण!

१९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासोबत त्यांचा पेपर आला. त्यातला गाजलेला आकडा असा : सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. यावरून रीपसारख्यांनी सांगितलं, पास कमी द्या, बॉल लवकर पुढे मारा.

पण थांबा, भागाकार केला का? रीपच्याच नोंदींत ९० टक्क्यांहून जास्त चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या. म्हणजे ९० टक्के प्रयत्नांतून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या १० टक्क्यांहून कमी प्रयत्नांतून २० टक्के. लांब चालीच जास्त फळत होत्या की! २००५ मध्ये ह्यूज आणि फ्रँक्स या संशोधकांनी १९९० आणि १९९४ च्या वर्ल्ड कपवर असाच भागाकार करून पाहिला, आणि मोठ्या चालींचं पारडं जड निघालं. तोवर इंग्लंडमध्ये लांब बॉल मारायचे धडे गिरवून झाले होते. चुकीच्या वाचनाची किंमत मैदानावरच्या पोरांनी मोजली.

वेळेच्या आकड्यांतही हाच सापळा आहे. ‘शेवटच्या १५ मिनिटांत सर्वात जास्त गोल’ असा तक्ता तुम्ही पाहिला असेल. दमलेले पाय, मागे पडलेल्या टीमची धडपड, ही कारणं खरीच. पण त्या ७६ ते ९० च्या रकान्यात बऱ्याचदा वाढीव वेळेतले गोलही कोंबलेले असतात. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध इराणच्या मेहदी तारेमीने पेनल्टीवर गोल केला, तो ९०+१३ व्या मिनिटाला! म्हणजे त्या दिवशी ‘शेवटची १५ मिनिटं’ जवळपास २८ मिनिटांची होती. मोठ्या जाळ्यात मासे जास्त सापडणारच ना?

म्हणून रीपना हसू नका. त्यांनी नोंदी इमानदारीने ठेवल्या, म्हणून तर पुढच्यांना चूक पकडता आली. चुकला तो अर्थ. पुढच्या वेळी कुठल्या रीलमध्ये ‘इतके टक्के गोल’ दिसले, की शेअर करण्याआधी एकच प्रश्न विचारा : किती मिनिटांपैकी, किती प्रयत्नांपैकी?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!