हृद्‌रोग्यांचे व्यायामाधिष्ठित पुनर्वसन

हृदयविकाराचा झटका अथवा हृदयावरील शस्त्रक्रिया यांनंतर वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम, आहारनियमन व समुपदेशन यांच्या साहाय्याने रुग्णाची कार्यक्षमता परत मिळवून देण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे.

रोज अर्धा तास लाकूड कापणारा हृत्‌शूलाचा एक रुग्ण जवळजवळ बरा झाल्याची विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यांची नोंद त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर सु. सहा आठवडे अंथरुणावर पडून राहणे हाच उपचार रूढ होता. हृदयस्नायूची इजा भरून येण्यास तेवढा अवधी लागतो, हे त्याचे कारण. १९५२ मध्ये लेव्हाइन व लाउन या अमेरिकन वैद्यांनी रुग्णास लवकर आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅलस येथील प्रयोगात तीन आठवड्यांच्या शय्याविश्रांतीने पाच निरोगी तरुणांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सु. एक चतुर्थांशाने घटली. विश्रांतीही अपायकारक ठरू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

नियमित व्यायामाने तेच काम कमी नाडीगतीने व कमी रक्तदाबाने होऊ लागते आणि हृदयावरील भार हलका होतो. ८५ चाचण्यांतील २३,४३० रुग्णांच्या २०२१ मधील एकत्रित परीक्षणात हृद्‌रोगजन्य मृत्यू, पुन्हा येणारे झटके व रुग्णालयातील भरती यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंतील घट मात्र निर्विवाद ठरली नाही.

भारतात अल्पखर्ची पर्याय म्हणून योगाचा अभ्यास झाला. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ के. के. दाते व सहकारी यांनी शवासनाचा रक्तदाबावरील परिणाम १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. २४ केंद्रांतील ३,९५९ रुग्णांवरील ‘योग-केअर’ चाचणीत (निष्कर्ष २०२०) मृत्यू व गंभीर विकार यांत निश्चित फरक दिसला नाही. परंतु पूर्वीच्या कामाकडे परतण्यात व स्वतःच्या आरोग्याविषयीच्या समाधानात सुधारणा झाली.

भंडाऱ्यासारख्या धानउत्पादक जिल्ह्यात कामाकडे परतणे म्हणजे चिखलात वाकून रोवणी करणे होय. लाखांदूर वा साकोली तालुक्यातील शेतमजुरास आठवड्यातून अनेकदा नागपूरला जाऊन व्यायाम करणे परवडणारे नाही. योग्य तपासणीनंतर घरी केलेला व्यायाम केंद्रातील व्यायामाइतकाच परिणामकारक असतो, असे कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांवरील चाचण्यांत आढळले आहे. त्यामुळे गावातच मोजके चालणे, ते हळूहळू वाढविणे, छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास थांबणे आणि औषधे न सोडणे, हा मार्ग अशा रुग्णांना उपलब्ध होऊ शकतो.