रामाची उतारी, कृष्णाची उतारी

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ शके 1051, म्हणजे इ.स. 1129 च्या सुमारास पुरा केला. त्याची राजधानी कल्याणी, हल्लीचे बसवकल्याण, आमच्या किल्लारीपासून फार दूर नाही. राज्यकारभार, हत्ती आणि पाकशास्त्र यांच्या पंगतीला या राजाने बुद्धिबळ, फासे व कवड्या यांचे नियमही बसविले. पुढे मूळच्या पैठणच्या घराण्यातले नीळकंठभट्ट काशीत धर्मशास्त्र लिहू लागले. त्यांच्या 'व्यवहारमयूखा'च्या आधारे मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी वारसाहक्काचे तंटे तोडले. आणि 'नीतिमयूखा'त त्याच पंडिताने बुद्धिबळाचेही नियम सांगितले. दत्तक आणि वजीर एकाच लेखणीखाली!

गंजिफ्याचे तंटे मात्र बहुतेक खेळणाऱ्यांनी बैठकीवरच मिटविले असावेत. कसे, ते पाने हाती घेतली की कळते.

हा पत्त्यांचा खेळ सोमेश्वराला ठाऊक नव्हता. बाबराने 1527 साली सिंधच्या शहा हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांचा, 144 पानांचा खेळ वर्णिला. रूढ झाला तो आठ रंगांचा, 96 पानांचा. दर रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. चार रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, उरलेल्या चारांत एक्का मोठा. आपल्या पत्त्यांतला हुकूम इथे नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाच्या वरच्या पानाने हात व्हायचा.

मग कोणीतरी या आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार बसविले. ताज, शमशेर, गुलाम गेले. मत्स्य, कूर्म, वराह आले. पाने 120 झाली. वाढविणारा हिशेबाला पक्का असला पाहिजे, कारण तिघांच्या डावात पूर्वी 32 पाने वाट्याला येत, आता 40 येतात. एकही उरत नाही. चार-चारांची विभागणी पाच-पाचांची झाली.

खरी अडचण पहिल्या उतारीची. जुन्या खेळात दिवसा 'सुर्ख' म्हणजे सोन्याचे नाणे, आणि रात्री 'सफेद' म्हणजे चांदीचे नाणे हा रंग डाव उघडी. सोने सूर्याचे, चांदी चंद्राची. दशावतारात नाणीच नाहीत! तेव्हा ठरले ते असे : दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. एकाचा जन्म भर दुपारचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा. माझ्या मते जुना नियम इथे मोडलेला नाही; त्याने नुसता अंगरखा बदलला. पोथी न उघडता असा निवाडा करणाऱ्यांना खेळही कळत होता आणि पुराणेही. ओरिसात तर पुढे गणपती व कार्तिकेय आणून दहाचे बारा रंग केले.

सावंतवाडीत ही कला अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती राजवाड्याच्या आश्रयाने सावरली. तिथे गंजिफा अजून हाताने रंगविला जातो. पण घेणारे बहुतेक तो काचेत बसवितात. काचेतल्या रामाची उतारी कधी व्हायची? पान जुने झाले तर चिताऱ्याला नवे करता येते. एक्का कुठे मोठा आणि कुठे धाकटा, हे मात्र खेळणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि खेळणारे फार थोडे उरले आहेत.

एक शंका मला नेहमी येते. डाव तिन्हीसांजेला मांडला तर उतारी कोणाची? ऊन गेले आहे, दिवा लागलेला नाही. मला कोणी विचारलेच, तर मी नृसिंहाचे नाव पुढे करीन. हिरण्यकशिपूला उंबरठ्यावर घेतला ती वेळ हीच होती.