वाकळेचे कूळ

वाकळ म्हणजे जुनेरांचे थर एकावर एक अंथरून, वर ठिगळे लावून, धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. पुण्याकडे ती गोधडी, सीमेपलीकडच्या कानडी मुलखात कौदी, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळच. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘वल्कल’ म्हणजे झाडाच्या सालीचे वस्त्र, असे मानतात. तसे असेल तर ऋषींचे वस्त्र कुणब्याच्या अंथरुणात येऊन पडले म्हणायचे. संन्याशाची कंथाही याच कुळातली.

वाकळ रजईहून वेगळी. रजईत पिंजलेला कापूस भरतात, वाकळेत कापूस नसतो. घरातली लुगडी, धोतरे, मुंडाशी हीच तिची भर. सारवलेल्या अंगणात एक अख्खे लुगडे पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत फाटकी धडुती सपाट अंथरायची, वर ठिगळांची जुळणी करायची. शिवण कडेकडेने सुरू होऊन चौकोनात फिरत मध्याकडे सरकते. शिवणारी बाई वाकळेवरच बसते, त्यामुळे थर हलत नाहीत. टाके दाट असतात ते शोभेसाठी नव्हे, झिजलेले कापड आतल्या आत गोळा होऊ नये म्हणून. वाकळ विरली की तिच्यावरच नवे ठिगळ चढते. म्हणून जुनी वाकळ नवीपेक्षा जड भरते.

रंगांच्या जुळणीचा असाच खेळ पश्चिमेकडे फार उशिरा, आणि ठरवून, मांडला गेला. इंग्लंडच्या डियर्ड्रा ॲम्स्डेन यांनी 1980च्या दशकात फुलाफुलांच्या चिटांचे लहान चौकोन फिकटापासून गडदाकडे लावून रंग एकमेकांत विरघळवले. अमेरिकेत पॅट मॅगरेट आणि डॉना स्लसर यांच्या 1993च्या पुस्तकाने ‘वॉटरकलर क्विल्ट’ हे नाव रूढ केले. यात चौकोन साधारण दोन इंचांचे. फळ्यावर लावायचे, लांबून पाहायचे, बदलायचे, मग शिवायचे. एका चिटात दोन-तीन रंग असतात, त्यातला एखादा शेजारच्या तुकड्यातही असतो, म्हणून सीमारेषा हरवते. एकरंगी कापडाने हे साधत नाही.

त्या क्विल्टमध्ये पाणी फक्त नावात आहे. वाकळेत ते खरोखर काम करते. नऊवारीचा कासोट्याकडचा भाग बसून-उठून लवकर विरतो, निऱ्यांच्या आतला रंग टिकतो. एकाच इरकली लुगड्यातून दोन-तीन छटांची ठिगळे निघतात आणि पुढच्या धुण्यांत आणखी उतरतात. रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी चितारणाऱ्या चित्रकार आबालाल रहिमान यांच्यामुळे कोल्हापूरला जलरंगांची परंपरा सांगता येते. ‘कलापूर’ म्हणून मिरवणाऱ्या या गावाने वाकळेला मात्र त्या हिशेबात कधी धरले नाही.

इचलकरंजीत 1904मध्ये यंत्रमाग आला, कोल्हापुरात 1906मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. गिरणीचे कापड स्वस्त होत गेले तशी चिटांची ठिगळे वाढली. वाकळेला खरा धक्का बसला तो कृत्रिम धाग्याच्या साडीने: ती घाम शोषत नाही, अंगावरून घसरते आणि फाटतही नाही, मग जुनेर व्हायचे कधी? त्यात यंत्रावरचे हलके ब्लँकेट आले. आता वाकळेपेक्षा तिचे धाकटे भावंड, बाळाचे दुपटे, अधिक शिवले जाते. त्यासाठी आजीची धुऊन मऊ झालेली सुती साडीच शोधतात.