प्रागचें संत निकोलसाचें चर्च

एखादी वास्तु ज्या हेतूनें उभारली जाते, त्याच हेतूनें ती लोकांच्या मनांत टिकते असें नाहीं. प्राग शहरांत, व्ह्लटावा नदीच्या डाव्या तीरावर, ‘माला स्ट्राना’ नांवाची जुनी वस्ती आहे. तेथील संत निकोलसाच्या चर्चचा इतिहास या दृष्टीनें उद्बोधक आहे.

१६२० सालीं बोहेमियांतील प्रॉटेस्टंट पक्षाचा रणांगणांत पाडाव झाला आणि कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता दृढ झाली. पुढें या वस्तींतील जुनें चर्च जेझुइट संघाच्या स्वाधीन झालें. आपल्या पंथाचा विजय सर्वांच्या डोळ्यांत भरावा, म्हणून संघानें त्याच जागीं नवें चर्च बांधावयास घेतलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं क्रिस्टोफ डीन्टझेनहोफर यानें मुख्य दालन उभारलें. त्याचा पुत्र किलियान इग्नाझ यानें घुमट रचला. आणि किलियानचा जांवई लुरागो यानें शेजारचा मनोरा पुरा केला. तीन पिढ्यांचें हें काम!

बरोक कलेला सरळ रेघेचें वावडें. येथील भिंती लाटेप्रमाणें पुढें येतात नि मागें सरतात. दृष्टि एका जागीं ठरत नाहीं. मान वर करावी तों छतावर क्राकर या चित्रकारानें १७६०-६१ सालीं ओल्या गिलाव्यावर रंगविलेलें, सुमारें १५०० चौरस मीटरांचें चित्र दिसतें. बांधलेले खांब कोठें संपले आणि रंगविलेले कोठें सुरू झाले, हें खालून उमगत नाहीं. जणू छतच नाहींसें होऊन वर आकाश उघडतें. भाविकानें दिपून जावें, हाच या योजनेचा हेतु होता.

पण काळाची गति पाहा. १७७३ सालीं खुद्द पोपनेंच जेझुइट संघ बरखास्त केला. दोन वर्षांनीं हें चर्च वस्तींतील सामान्य रहिवाशांचें उपासनास्थान झालें.

५ डिसेंबर १७९१ रोजीं संगीतकार मोझार्ट व्हिएन्नांत निधन पावला. तेथें त्याचें दफन अगदीं साधेपणानें झालें. प्रागनें मात्र त्याच्यावर जीव लावला होता. त्याचें ‘डॉन जोव्हानी’ हें संगीतनाटक १७८७ सालीं प्रथम याच शहरांत झालें होतें. १४ डिसेंबर रोजीं प्रागच्या गायकवादकांनीं या चर्चमध्यें त्याच्यासाठीं प्रार्थनासंगीत सादर केलें, आणि हजारों नागरिक तेथें लोटले.

जेत्यांनीं दिपविण्यासाठीं बांधलेल्या त्या घुमटाखालीं त्या दिवशीं कोणी दिपण्यासाठीं आलें नव्हतें. आपलें माणूस गेलें, म्हणून लोक आले होते.